म्हैसूरला ड्रोन नेताय? आधी कागद, मग बॅटरी

म्हैसूरच्या सहलीसाठी ड्रोन बॅगेत टाकण्याआधी एक आकडा पाठ करा: आठ किलोमीटर. शहराच्या दक्षिणेला, नंजनगूड रस्त्यावर मंडकळ्ळीला विमानतळ आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंतचे सगळे आकाश, अगदी जमिनीपासून, पिवळ्या झोनमध्ये येते. तिथे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परवानगीशिवाय ड्रोन गुडघाभर उंचीवरही नेता येत नाही. चामुंडी टेकडी या वर्तुळाच्या बरीच आत आहे. राजवाडा त्याच्या काठावर आहे. म्हणजे ज्या दोन जागांसाठी बहुतेक जण ड्रोन घेऊन जातात, त्या दोन्ही ठिकाणी तो पेटीतच राहणार, हे घरून निघतानाच धरून चाला.

आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. कुक्करहळ्ळी तलावाचा भाग साधारण या पट्ट्यात येतो. बारा किलोमीटरच्या पुढे हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उडवता येते. त्यावर गेलात की पुन्हा पिवळा झोन. लाल झोनमध्ये फक्त केंद्र सरकारच्या परवानगीने. म्हैसूरच्या मेटगळ्ळीत नोटांचा छापखाना आहे, रत्नहळ्ळीला अणुऊर्जा खात्याचा प्रकल्प आहे, शहरात संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे. अशा जागांच्या आसपास ‘जरा वर घेऊन बघतो’ असा विचारही नको. या जागा पर्यटकाच्या नकाशावर ठळक दिसत नाहीत, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा हवाई नकाशा उघडा. तो मोफत आहे. ज्या मैदानावर उभे राहणार त्या नेमक्या बिंदूवर बोट ठेवा, रंग बघा, तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. आदल्या रात्री एकदा आणि उडवण्याच्या सकाळी पुन्हा एकदा.

सकाळी पुन्हा का? कारण राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन म्हणून जाहीर करू शकतात. मोठ्या पाहुण्याचा दौरा, जत्रा, मिरवणूक असे काहीही कारण असू शकते. काल हिरवी दिसलेली जागा आज लाल असू शकते.

किती पैसे, कुठे भरायचे

देशभर एकच नियम आहेत: ड्रोन नियम, २०२१. महाराष्ट्रात नोंदवलेला ड्रोन कर्नाटकात नेण्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. सगळा हिशेब वजनावर चालतो. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. हौशी माणसाचा ड्रोन पहिल्या दोन गटांतला असतो.

नोंदणीची, म्हणजे यूआयएन क्रमांकाची, सरकारी फी १०० रुपये. ड्रोन दुसऱ्याच्या नावावर करायची फी १००. हरवला किंवा कायमचा मोडला म्हणून नोंद काढून टाकायची फी १००. रिमोट पायलट प्रमाणपत्राची सरकारी फीही १००, आणि ते दहा वर्षे चालते. नोंदणी पूर्वी डिजिटल स्कायवर व्हायची, आता ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, ईजीसीए पोर्टलवर होते. पैसे ऑनलाइन भरायचे. नोंदणीचा अर्ज डी-२, हस्तांतराचा आणि नोंद रद्द करण्याचा डी-३. समोर ठेवायच्या गोष्टी: ओळख आणि पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल आणि ईमेल, खरेदीचे बिल, ड्रोनचा अनुक्रमांक, आतल्या फ्लाइट कंट्रोलरचा अनुक्रमांक आणि हातातल्या रिमोटचा अनुक्रमांक. शेवटचे दोन अनुक्रमांक बहुतेक लोक शोधतच बसतात. पेटी उघडली त्याच दिवशी तिन्हींचे फोटो काढून ठेवा. पुढे दुरुस्तीत फ्लाइट कंट्रोलर किंवा रिमोट बदलला तर सात दिवसांत नव्या क्रमांकाची नोंद करावी लागते. दुरुस्तीवाला हे सांगेलच असे नाही. त्याच्याकडून बदललेल्या भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

या शंभर रुपयांच्या कामासाठी एजंट काही हजार मागतात. देऊ नका. फॉर्म तुम्हाला वाचता येतो, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येणार आहे, आणि खाते एजंटच्या ईमेलवर उघडले तर पुढच्या प्रत्येक बदलासाठी त्याचेच पाय धरावे लागतील.

नॅनो ड्रोनला टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलची मंजुरी), पायलट प्रमाणपत्र आणि थर्ड पार्टी विमा या तिन्हींतून सूट आहे. नोंदणीच्या नियमात मात्र नॅनोसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. शंभर रुपयांचा प्रश्न आहे, करून टाका. मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवत असाल तर पायलट प्रमाणपत्र लागत नाही, विमा लागतोच. कुणाकडून पैसे घेऊन उडवलात, मग ते भाचीच्या लग्नाचे चित्रीकरण का असेना, तर ते व्यावसायिक काम झाले आणि मायक्रोला प्रमाणपत्र लागले.

इथे एक फसगत नेहमी होते. पेटीवर २४९ ग्रॅम छापलेले असते. ते वजन साध्या बॅटरीसह असते. दुकानदार ‘जास्त वेळ उडेल’ म्हणून मोठी बॅटरी गळ्यात मारतो, वर पंख्यांना गार्ड बसवून देतो, आणि ड्रोन २५० ग्रॅमची रेघ ओलांडतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. ड्रोन, बॅटरी, मेमरी कार्ड, गार्ड, चिकटवलेला स्टिकर, सगळे एकत्र ठेवा. उड्डाणाच्या क्षणी जे वजन हवेत जाणार तेच धरायचे. काट्यावर २५३ दिसले की तुमचा ड्रोन मायक्रो झाला आणि विमा नसेल तर तुम्ही नियमाबाहेर गेलात. वजन उतरवा किंवा विमा घ्या. तिसरा मार्ग नाही.

विम्याबद्दल दोन प्रश्न लेखी विचारा. पहिला: हा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे, की माझा ड्रोन पडला तर त्याचेही पैसे मिळतील? सक्तीचा असतो तो पहिल्या प्रकारचा. स्वतःच्या ड्रोनचे संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते. दुसरा: दाव्याच्या वेळी पायलटचे प्रमाणपत्र मागणार का, आणि नुकसानीतला पहिला किती हिस्सा मी सोसायचा? स्वस्त पॉलिसीत हा हिस्सा मोठा असतो.

विकत घेताना

जीएसटी आधी बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून सगळ्या ड्रोनवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी कॅमेरा असलेल्यावर १८ आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के लागत असे. ६० हजारांच्या ड्रोनवर १८ टक्क्यांनी १०,८०० होतात, ५ टक्क्यांनी ३,०००. जुना दर लावलेले बिल कुणी हातात ठेवले तर तिथेच परत करा. बिल नकोच म्हणणारा दुकानदार असेल तर दुकानच बदला, कारण बिलाशिवाय नोंदणी अडते, विमा अडतो आणि उद्या विकणेही अडते.

परदेशातून आणलेल्या ड्रोनचे काय? ९ फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुट्या भागांना बंदी नाही. दुबईहून येणारा मेहुणा किंवा अमेरिकेतली मुलगी सामानात ड्रोन घेऊन आली तर कस्टम तो अडवू शकते, आणि सुटलाच तरी त्याची नोंदणी कशी करायची हा प्रश्न तुमच्या गळ्यात राहतो. त्यांना आधीच कळवा, चॉकलेट आणायला सांगा. ‘ग्रे मार्केट’मधला स्वस्त ड्रोन याच रांगेतला.

जुना ड्रोन घेत असाल तर पैसे देण्याआधी यूआयएन कुणाच्या नावावर आहे ते विक्रेत्याच्या खात्यात, त्याच्यासमोर बसून बघा. हस्तांतर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मी एकदा ही घाई केली. विक्रेत्याने ‘उद्या करून देतो’ म्हटले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. ड्रोन चांगला होता, पण कागदावर तो माझा कधीच झाला नाही. शेवटी मोटर आणि पंखे काढून घेतले.

ड्रोनच्या किमतीच्या वर आणखी २५ ते ३० टक्के रक्कम बाजूला ठेवा. त्यात दोन जादा बॅटऱ्या, पंख्यांचे दोन संच, आग सोसणारी बॅटरीची पिशवी, चांगले मेमरी कार्ड आणि विमा येतात. ‘फ्री ट्रेनिंग’ म्हणून दुकानदार देतो ती अर्ध्या तासाची ओळख असते, तिने पायलट प्रमाणपत्र मिळत नाही.

पायलट प्रमाणपत्र

वय १८ ते ६५, दहावी पास. एवढी अट. २०२३च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टची सक्ती गेली. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, वाहन परवाना असा सरकारी पुरावा चालतो. प्रशिक्षण डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावे लागते, आणि प्रमाणपत्रही तीच संस्था देते. मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. संस्थेचे नाव तिथे दिसले नाही तर फी भरू नका. वर्ग साधारण आठवडाभराचे. फी संस्थेप्रमाणे आणि ड्रोनच्या वर्गाप्रमाणे बदलते, साधारण ३० हजारांपासून ६५ हजारांपर्यंत. फी सांगताना जीएसटी, राहणे, जेवण, फेरपरीक्षा आणि सिम्युलेटरचे तास यात धरले आहेत का, हे विचारा. स्मॉल वर्गाचे प्रमाणपत्र घ्यायचे की मायक्रोचे, हे कामावरून ठरवा. लग्न आणि जागांच्या चित्रीकरणाला मायक्रो पुरतो. शेतफवारणीचा ड्रोन वजनाने स्मॉल वर्गात जातो.

म्हैसूरमध्ये लग्नाआधीचे चित्रीकरण करायचे आहे आणि ऑपरेटर भाड्याने घेताय? मग ही सगळी डोकेदुखी तुमची नाही, पण तपासायचे काम तुमचेच आहे. आगाऊ रक्कम देण्याआधी चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर मागा: यूआयएन, पायलट प्रमाणपत्र, चालू विम्याची प्रत आणि ठरलेल्या जागेचा झोनचा स्क्रीनशॉट. ‘राजवाड्याचा शॉट मिळवून देतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला विचारा, परवानगीचे पत्र कुठे आहे? पत्र नसेल तर तो जुना शॉट तुमच्या व्हिडिओत जोडणार आहे किंवा तुम्हाला अडचणीत आणणार आहे. भाड्यात कोणत्या गोष्टी धरलेल्या नसतात तेही आधीच बोलून घ्या: शहराबाहेर जाण्याचा प्रवास, दोन बॅटऱ्यांपेक्षा जास्त उड्डाणे, कच्चे फुटेज, संपादन. पावसामुळे उड्डाण झाले नाही तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लिहून घ्या. म्हैसूरला मे महिन्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळचा पाऊस ठरलेला, म्हणून सकाळची वेळ मागा.

कुठे नाहीच

दसऱ्यात. त्या दिवसांत म्हैसूरच्या आकाशावर पोलिसांची नजर असते आणि खाली लाखोंची गर्दी. दोनशे ग्रॅमचा ड्रोनही उंचीवरून डोक्यावर पडला तर माणूस जखमी होतो. बंदोबस्ताचा आदेश मोडला तर ड्रोन नियमांखालचा दंड एक लाख रुपयांपर्यंत, आणि शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३खाली गुन्हा. आकाशातले ड्रोन पाहायचेच असतील तर २०२४पासून बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्यात ड्रोन शो होतो. पहिल्या वर्षी दीड हजार ड्रोन होते. तो खाली बसून पाहा.

बंदीपूर आणि नागरहोळे ही व्याघ्र प्रकल्पाची राने. मुंबई-पुण्याहून उटीला जाणाऱ्या गाड्या बंदीपूरमधून जातात आणि रस्त्याकडेला हत्ती दिसला की हात बॅगेकडे जातो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढणे हा वन्यजीव कायद्याखालचा मामला आहे. हत्ती बिथरला तर पहिला धोका तुमच्या मागे थांबलेल्या गाडीला. श्रीरंगपट्टणजवळचे रंगनतिट्टू पक्षी अभयारण्यही तसेच: घरट्यावर बसलेला पक्षी ड्रोनच्या आवाजाने उडाला की अंडी उघड्यावर पडतात.

सोमनाथपूरचे केशव मंदिर आणि श्रीरंगपट्टणचा दर्या दौलत महाल पुरातत्त्व खात्याकडे आहेत. परवानगीशिवाय ड्रोन नाही. सोमनाथपूर २०२३मध्ये जागतिक वारशात गेले, तेव्हापासून तिथे गर्दीही वाढली आहे. कृष्णराजसागर धरण विमानतळापासून लांब आहे म्हणून मोकळे आहे असे समजू नका. धरण म्हटले की सुरक्षा आलीच.

मग उरते काय? बरेच काही. विमानतळापासून बारा किलोमीटर पलीकडची शेते, भाताची खाचरे, कावेरीकाठची मोकळी गावे. शेतमालकाला विचारा, तो बहुधा हो म्हणतो आणि पोरेबाळे गोळा होतात. पोरांना तुमच्या मागे उभे करा, समोर नाही.

उडवण्याच्या दिवशी

बॅटरी आदल्या रात्री भरा, पण झोपेत नाही. लॉजच्या पलंगावर, उशीशेजारी चार्जिंगला लावून जेवायला जाणे बंद करा. लिथियम बॅटरी पेटली तर पाण्याच्या पेल्याने विझत नाही. फुगलेली बॅटरी, टेबलावर ठेवली की डुलणारी बॅटरी, उडवायची नाही आणि भरायचीही नाही. आठवड्याहून जास्त वापर नसेल तर पूर्ण भरून ठेवू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

विमानाने जात असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात, प्रत्येकीची टोके टेपने झाकून. चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, १०० ते १६०साठी विमान कंपनीची परवानगी हवी. हिशेब सोपा: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार. ५,२०० एमएएच, १४.८ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे ७७ वॉट-तास. तिकीट काढतानाच कंपनीला ड्रोनबद्दल विचारून उत्तर ईमेलवर घ्या. प्रत्येक कंपनीचा नियम सारखा नाही.

मैदानावर पोचल्यावर पंख्यांच्या कडांवरून नख फिरवा. नख अडकले तर पंखा बदला. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. पंखे घट्ट, गिंबलचे कव्हर काढलेले, कार्ड आत. मग होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परतायची जागा, नोंदला जाईपर्यंत थांबा. किमान दहा-बारा उपग्रह दिसू द्या. घरी परतण्याची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा, टॉवरपेक्षा दहा-पंधरा मीटर जास्त ठेवा, पण झोनच्या मर्यादेच्या आत. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट म्हणजे ६० मीटर, आणि कारखान्यातून आलेली सेटिंग कधी कधी याहून जास्त असते. ती आधी बदला.

गच्चीवरून उडवू नका. स्लॅबमधल्या सळ्यांनी कंपास चळतो. गावाकडच्या गच्चीवर माझा ड्रोन हात सोडताच तिरका सरकला आणि पाण्याच्या टाकीवर आदळला: एक हात, दोन पंखे, एक मोटर. तोच ड्रोन अंगणात, मातीवर ठेवला तेव्हा जागचा हलला नाही.

कमरेच्या उंचीवर नेऊन अर्धा मिनिट स्थिर ठेवा. आवाज ऐका, तो एकसारखा हवा. डुलला, सरकला, तर खाली. मगच वर. ड्रोन तुमच्या नजरेच्या टप्प्यात हवा, पडद्यावर दिसतो आहे एवढे पुरत नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरा. येताना वारा समोरून असेल तर ४० टक्क्यांवर.

घार ड्रोनवर झेपावली तर घाबरून बाजूला पळवू नका. सरळ वर घ्या, घारीला तेवढ्या वेगाने उभे चढता येत नाही. ती दूर गेली की उतरवा आणि त्या दिवशी त्या जागी पुन्हा उडवू नका.

आणि पडलाच तर? कुणाला इजा झाली असेल तर आधी ११२. ड्रोन कुंपणापलीकडे, सरकारी आवारात किंवा अभयारण्यात पडला असेल तर भिंत चढू नका; पहारेकऱ्याला गाठा, यूआयएन दाखवा. अपघाताची माहिती ४८ तासांत डीजीसीएला ऑनलाइन द्यावी लागते. फोटो, वेळ, झोनचा स्क्रीनशॉट, विम्याची प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइल हरवू शकतो, म्हणून यूआयएन आणि विम्याची छापील प्रत ड्रोनच्या पेटीतच असू द्या. पोलिसाने विचारले की तेच दोन कागद काढून द्या.